सुजेला शिव्या घालू नकोस

चि. विनू,



'अटॅकमुळे हृदयाला सूज, गुडघ्यालाही सूज, मग सुजेची एकच गोळी घेतो', हा तुझा हिशेब कळला. ती गोळी कपाटातच राहू दे. तुझं हृदय सध्या भरून येतंय ते त्या सुजेच्याच जोरावर.

माझा जन्म पॅथॉलॉजीच्या स्लाइडी बघण्यात गेला. अटॅकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या हृदयात मेलेल्या स्नायूंचे गुलाबी धागे दिसतात आणि त्यांच्यामध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड; सूज ती हीच. हे भारी आततायी! मेलेलं फोडता फोडता शेजारच्या जित्या स्नायूलाही पोळतात. पाठोपाठ रक्तातून मोनोसाइट येतात, त्यांचे मॅक्रोफेज होतात आणि ते मलबा गिळत सुटतात, मेलेल्या न्यूट्रोफिलांसकट. गंमत पुढे आहे. हे गिळता गिळताच त्यांचा स्वभाव पालटतो. आग भडकवणारे संदेश थांबतात, व्रण विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना कामाला लावणारे सुरू होतात, मग कोलॅजन विणलं जातं आणि व्रण घट्ट होतो. बॉस्टनच्या संशोधकांनी २००७ साली उंदरांत दाखवलं की मोनोसाइटांच्या लाटाच दोन असतात, आधी तोडणाऱ्यांची, मग सांधणाऱ्यांची. २००९ मध्ये कळलं की त्यांचा मोठा साठा प्लीहेत दबा धरून असतो. आम्ही विद्यार्थ्यांना प्लीहा शिकवायचो ती म्हाताऱ्या तांबड्या पेशींचं स्मशान म्हणून!

पहिल्या आठवड्यात जुना स्नायू विरघळलेला आणि व्रण अजून कच्चा, म्हणून हृदयाची भिंत फाटण्याची भीती तेव्हाच जास्त. अशा वेळी सूज सरसकट दाबली तर? १९७०च्या दशकात डॉक्टरांनी स्टेरॉइड देऊन पाहिलं. १९७६ च्या एका अभ्यासात वारंवार डोस दिलेल्या रुग्णांचं नुकसान उलट वाढलेलं दिसलं. गुडघेदुखीच्या तुझ्या त्या गोळ्यांनीही व्रण नीट धरत नाही, शिवाय पुन्हा अटॅकचा धोका वाढतो. ॲस्पिरिनची छोटी गोळी मात्र बंद करू नकोस हं, ती रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे.

मॅक्रोफेजांची आणखी एक करामत ऐक. उंदराच्या एक दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा जसाच्या तसा वाढतो, हे २०११ मध्ये डॅलसला दिसलं. पुढे अशाच पिल्लांतले मॅक्रोफेज काढून टाकले, तर स्नायूऐवजी व्रण उरला. आपल्या वयाच्या हृदयाला ती सोय नाही. आपल्याला व्रणावरच भागवायचं, तेव्हा तो तरी चांगला धरू दे.

गाऊटची सूज उतरवणाऱ्या कोल्चिसिनबद्दल विचारलंस. २०१९ च्या चाचणीत ४,७४५ रुग्णांपैकी ते घेणाऱ्यांत नवा अटॅक, पक्षाघात वगैरे ५.५ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ७.१ टक्क्यांना. २०२४ च्या त्याहून मोठ्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. कोणाची सूज, केव्हा आणि किती आवरायची हे अजून ठरायचंय, तेव्हा तो प्रयोग तू घरी करू नकोस.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, ते परवा डॉक्टरांना विचार. कागदावर लिहून ने, तू विसरतोस.

तुझी,
ताई