आपल्या नदीत जहाज येईल का?

परवा रात्री जेवणं झाल्यावर माझा भाचा मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होता. दहा-बारा मजल्यांचं पांढरं जहाज, मागे शहराच्या इमारती, दोन्ही काठांवर हात हलवणारी माणसं. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मामू, ये नद्दी है. समुंदर नहीं. अपनी पैनगंगा में ऐसा जहाज आ सकता क्या?"

मी हसलो. माझं बघून घरातले सगळे हसले. चिखलीत जहाज! रस्त्याने समुद्र चारशे किलोमीटरहून लांब, आणि इथे नळाला पाणी कधी येणार याची चौकशी रोज शेजाऱ्याकडे करावी लागते. पोरगं गप्प झालं, मोबाईल घेऊन आत गेलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हजरत नूह अलैहिस्सलाम आठवले. कुरआनात त्यांचा किस्सा आहे. ते जहाज बांधत होते आणि येणारे-जाणारे त्यांची थट्टा करत होते. हा किस्सा मी स्वतः या पोराला सांगितला होता. सांगताना मी नूह नबींच्या बाजूने होतो. आज घरात प्रश्न आला तेव्हा मात्र हसणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलो. मोठ्यांनी असं हसलं की मूल पुढच्या वेळी विचारतच नाही. मला त्याचीच भीती वाटली.

सकाळी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, चल, खरंच शोधू.

त्याने पाहिलेलं शहर जर्मनीतलं हॅम्बुर्ग होतं. एल्बे नदीवरचं हे बंदर समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. तरी 345 मीटर लांबीचं क्वीन मेरी 2 तिथवर जातं. म्हणजे मोठं जहाज शहरातल्या नदीत येतं, हे पोराचं म्हणणं खरं होतं. पण ते जहाज पाण्याखाली सुमारे दहा मीटर बुडालेलं असतं. म्हणून तिथे नदीचा गाळ सतत उपसावा लागतो आणि मोठ्या जहाजांना भरतीची वेळ सांभाळावी लागते.

भरतीवरून आमचे दादाअब्बा आठवले. सत्तरच्या दशकात ते हजला गेले ते जहाजाने. मलकापूरहून रेल्वेने मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जेद्दाहचं जहाज. 1995 नंतर मुंबईहून हजची जहाजं बंद झाली, त्यामुळे आमच्या घरात समुद्र ओलांडलेले ते पहिले आणि शेवटचे. ते सांगायचे, "एवढं मोठं जहाज, पण पाणी चढेपर्यंत जागचं हललं नाही." आम्हाला लहानपणी यात काही विशेष वाटायचं नाही. आता कळतं की विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला नेमकं हेच का लक्षात राहिलं.

जहाजाला नदी किती रुंद आहे यापेक्षा किती खोल आहे याच्याशी जास्त मतलब. पणजीची मांडवी केवढी रुंद दिसते! तरी गोव्याला येणारी मोठी पर्यटक जहाजं मुरगाव बंदरात लागतात. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ऱ्हाईन नदीवर पर्यटकांसाठी खास लांबट, उथळ जहाजं बांधतात, जास्तीत जास्त 135 मीटरची. पण 2018 आणि 2022 साली ऱ्हाईनचं पाणी इतकं उतरलं की प्रवाशांना काही टप्पे बसने न्यावं लागलं.

आपल्याकडचं गंगा विलास जानेवारी 2023 मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालं. 62 मीटर लांब, आणि पाण्याखाली फक्त 1.4 मीटर. तरी छपऱ्याजवळ ते उथळ पाण्यात अडकल्याची बातमी आली. सरकारने ती नाकारली.

मग आम्ही नकाशा उघडला. पैनगंगेपर्यंत जहाज यायचं तर बंगालच्या उपसागरातून गोदावरीत शिरावं लागेल. दवळेश्वरमचा बंधारा, मेडीगड्डाचा बंधारा, मग प्राणहिता, वर्धा आणि मग पैनगंगा. पुढे सहस्रकुंडचा धबधबा, इसापूर धरण, पेनटाकळी धरण. भाच्याने प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून "इथे अडलं" असं म्हटलं. धबधब्याला तो स्वतःच हसू लागला.

गंमत अशी की 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात पैनगंगा-वर्धेचंही नाव आहे. तो पट्टा खालचा, आपल्या जिल्ह्यातला नाही. पण नदी तीच, आपल्या डोंगरात उगम पावणारी. भाचा म्हणाला, "म्हणजे कायद्यात जहाज येतं?" मी म्हटलं, कायद्यात येतं बाबा.

रविवारी आम्ही मोटरसायकलवर येळगाव धरणाच्या खालच्या अंगाला गेलो. सोबत एक बांबू, त्यावर मीटरच्या खुणा केलेल्या. धरणाच्या खाली उन्हाळ्याआधीच धार बारीक झाली होती. पाच जागी मोजलं. सगळ्यात खोल जागी बांबू 40 सेंटीमीटर भिजला. भाच्याची उंची चार फूट आठ इंच, म्हणजे साधारण 1.4 मीटर. मी त्याला म्हटलं, गंगा विलास तरंगायला तुझ्या डोक्याइतकं पाणी हवं, वर थोडं राखीव, आणि तेही शेकडो किलोमीटर सलग.

तो काही वेळ पाण्यात उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं.

"मामू, पहले कितना रहता था?"

याचं उत्तर नकाशात नव्हतं. परत येताना आम्ही काठावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "आमच्या लहानपणी इथं डोह होता. बैल पोहायचे." त्यांनी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. मग धरण आलं, मोटारी आल्या, वाळू गेली, असं ते एकेक बोट मोडत सांगत राहिले. भाचा वहीत लिहीत होता.

घरी आल्यावर त्याने तक्ता केला. जहाज, किती पाणी हवं, आपल्याकडे किती. शेवटच्या ओळीत बैल लिहिलाय. त्याच्यासमोर त्याने लिहिलंय: पूर्वी चालत होतं, आता नाही.

बांबू आता दाराच्या मागे उभा आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजायचं ठरलंय, यावेळी पुलावरून, दोरीला दगड बांधून. घरात कुणी हसलं नाही. त्याची आजी एवढंच म्हणाली, "पाऊस अच्छा गिरने दो, इंशाअल्लाह."