अम्मीची वही ऑनलाइन दुकानात

आम्ही दोघी बहिणी. थोरली सोलापुरात उर्दू शाळेत मराठी शिकवते, धाकटी घरी शिवणकाम करते आणि कॉम्प्युटर थोरलीपेक्षा चांगला जाणते. लेख थोरलीच्या हातचा असला तरी सांगणे दोघींचे आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही एक पुस्तक काढले. छापखाना नाही, प्रकाशक नाही. घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसून ॲमेझॉनच्या किंडलवर ते चढवले. तेव्हापासून ओळखीच्या बायका, शाळेतले सहकारी, एक-दोन माजी विद्यार्थी विचारतात, “आम्हालाही काढायचे आहे, कसे करायचे?” रीत सांगणे सोपे आहे. पण रीतीपेक्षा अवघड असे जे आमच्या वाट्याला आले, तेही सांगितले पाहिजे.

मूळ वही अम्मीची. अम्मीचे माहेर मंगळवेढ्याचे. उर्दू चौथीपर्यंत शिकलेली. अब्बांच्या इंतकालानंतर रात्री झोप येईना, तेव्हा तिने लहानपणीच्या आठवणी एका वहीत उर्दूत लिहायला घेतल्या. ज्वारीची सुगी, १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायला गेलेल्या बायका, शाळेत मिळणारी सुकडी, ईदला सगळ्या भावंडांना एकाच ताग्यातून शिवलेले कपडे. आमच्या मुलांना उर्दू वाचता येत नाही. ती मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळेत शिकतात. आजीची वही त्यांच्यासाठी बंद कपाटच होती. म्हणून त्यातल्या एकवीस आठवणी आम्ही मराठीत उतरवल्या.

आधी नेहमीची वाट धरून पाहिली. एका प्रकाशकाने आमच्याकडूनच पैसे मागितले आणि निम्म्या प्रती आम्हीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. छापखान्यात विचारले, तर पाचशे प्रतींचा खर्च थोरलीच्या पगाराला पेलणारा नव्हता. पलंगाखाली गठ्ठे ठेवायला घरात जागाही नव्हती. धाकटी म्हणाली, “आपा, ऑनलाइन टाकू या. त्याला पैसे पडत नाहीत.”

ते खरे निघाले. किंडल हे वाचनाचे यंत्र २००७ साली अमेरिकेत आले आणि त्याच सुमारास लेखकांना स्वतःचे पुस्तक स्वतः चढवण्याची सोयही झाली. भारतात २०१६ पासून मराठी पुस्तके त्यावर मिळू लागली. वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही, मोबाइलमधल्या ॲपवरही वाचता येते. खाते उघडायला नाव, पत्ता आणि बँकेचा खाते क्रमांक लागतो. कंपनी अमेरिकेची असल्यामुळे कराचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात आपला पॅन क्रमांक नीट द्यावा, म्हणजे दोन्ही देशांतल्या करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. ई-पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक सक्तीचा नाही. पुढे कागदावर छापायचे ठरले, तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो फुकट मिळतो. कोणी त्याचे हजार रुपये मागितले, तर देऊ नका.

आमची पहिली ठेच फाँटची. मजकूर आम्ही ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतला होता. तो चढवून पाहिला, तर पडद्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा. चूक आमचीच. इथे युनिकोड लागते, हे आधी विचारलेच नव्हते. रूपांतर करणारी सोय इंटरनेटवर सापडली, पण तिने रफार आणि जोडाक्षरे मोडली. मग दहा दिवस ओळ न् ओळ तपासली. तेव्हा पहिल्यापासून मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर युनिकोडमध्येच टाइप करा. पानांचे क्रमांक घालू नका, कारण वाचणारा अक्षर लहानमोठे करतो तशी पाने बदलतात. प्रत्येक प्रकरणाच्या नावाला वर्डमधली शीर्षकाची शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मुखपृष्ठासाठी उभे चित्र लागते, २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद. आम्ही अम्मीच्या जुन्या गोधडीचा फोटो काढला.

इथवर सगळे हाताचे काम होते. खरी परीक्षा पुढे होती.

पुस्तक चढवण्याच्या आदल्या आठवड्यात मगरिबनंतर अम्मीला सगळे मराठीत वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत होती. दुष्काळातल्या आडाची गोष्ट आली आणि तिने डोळे उघडले.

आम्ही लिहिले होते ते असे. १९७२ च्या रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या विहिरी आटल्या. नानांच्या परसातल्या आडाला तेवढे पाणी होते. नानांनी परसाचे दार उघडले आणि जातपात, धर्म न पाहता सगळ्यांना पाणी भरू दिले. शेवटी एकोप्याच्या दोन ओळी. शिक्षिकेचा हात, त्याला बोध जोडायची सवयच असते.

अम्मी म्हणाली, “ऐसा मैं कब बोली?”

आम्ही वही काढली. तिथे खरेच वेगळे होते. आम्ही ते वाचले होते आणि गाळले होते. नाना पहिले आठ दिवस घागरीला पाच पैसे घेत होते. नवव्या दिवशी एक बाई पैसे नाहीत म्हणून रिकामी घागर घेऊन परत गेली. अम्मीच्या दादीने ते पाहिले. त्या रात्री सेहरीआधी दादी स्वतः घागर घेऊन आडावर गेल्या, पदराची गाठ सोडून पाच पैसे मुलाच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “मलाही विकतच दे.” नानांनी पैसे घेतले नाहीत. सकाळी परसाचे दार उघडे होते.

“ये निकाल दिया तो दादी कहाँ गई?” अम्मीने विचारले.

आमच्याकडे उत्तर नव्हते. नानांना पहिल्याच दिवसापासून उदार केले, तर दादींची गरजच उरत नव्हती. आमच्या गोष्टीत त्या कुठेच नव्हत्या.

तरी आम्ही लगेच कबूल झालो नाही. हे पुस्तक कोणीही विकत घेणार. आपल्या माणसांविषयी आधीच काय काय बोलले जाते, त्यात आपणच लिहायचे का, की आमचे आजोबा रमजानमध्ये पाणी विकत होते? मामूंना फोन केला, तर ते भडकले. “बापाचं नाव बाजारात मांडता? काढून टाका, नाहीतर माझ्या दारात येऊ नका.” त्या ईदला मामू आमच्याकडे आले नाहीत. अम्मीने त्यांच्या वाटणीचा शीरखुर्मा डब्यात भरून पाठवला, तेव्हा डबा रिकामा होऊन आला, निरोप मात्र आला नाही. अम्मी दोन दिवस गप्प होती.

छापखान्याच्या वाटेने गेलो असतो, तर कदाचित एखाद्या संपादकाने विचारले असते, “हे मूळ वहीत असे आहे का?” इथे विचारणारे कोणीच नव्हते. पुस्तक चढवले की फार तर तीन दिवसांत ते दुकानात दिसते. कंपनी मजकूर नियमांत बसतो का, फाइल नीट उघडते का, एवढे पाहते. तुमच्या नानांनी पाणी दिले की विकले, हे ती पाहत नाही. पहारेकरी नाही, म्हणजे सगळी अमानत आपल्याच गळ्यात.

त्या दिवसांत एक हदीस सारखी आठवत होती. बाजारात धान्याचा ढीग होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले. ऑनलाइन दुकानातही ढिगाची वरची बाजू असते. पुस्तकाचा सुरुवातीचा सुमारे दहावा भाग गिऱ्हाइकाला फुकट वाचायला मिळतो. धाकटीने सगळ्यांत रंगतदार तीन गोष्टी पुढे घेतल्या होत्या. आम्ही त्या पुन्हा वहीतल्या जागी नेल्या. आडाची गोष्ट वहीत दुसरी होती, ती दुसरीच राहिली, पाच पैशांसह. एकोप्याच्या दोन ओळी खोडल्या.

मग नावाचा प्रश्न आला. फॉर्ममध्ये लेखकाचे नाव, आणि त्याखाली अनुवादक, संपादक अशांची नावे भरायची जागा असते. आम्ही सुरुवातीला लेखक म्हणून आमचीच नावे घातली होती. मराठी आमचे होते, रात्री आम्ही जागलो होतो. अम्मी तर म्हणत होती, “माझं नाव कशाला? मी काय लेखक आहे?” आडाच्या गोष्टीनंतर ते आम्हालाच खटकले. लेखक म्हणून अम्मीचे नाव लिहिले, अनुवादक म्हणून आमचे.

मोबदल्याचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर नव्वद दिवसांच्या एका योजनेत पुस्तक घालावे लागते. त्या काळात ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. थोरली तर यातल्या गोष्टी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पीडीएफ करून पाठवत होती. ओळखीचे एकजण म्हणाले, “खूण करून टाका, सोलापूरचा व्हॉट्सॲप गट कोण तपासतोय?” तपासणार कोणीच नव्हते, हे खरे. पण खूण करणे म्हणजे करार करणे. मुलांच्या गोष्टी बंद करायच्या नव्हत्या, म्हणून आम्ही ३५ टक्के घेतले. तुम्ही भराल तेव्हा त्या वेळचे नियम स्वतः वाचून घ्या, ते बदलत असतात.

शेवटची ठेच अभिप्रायांची, आणि तिथे आम्ही घसरलोच. पुस्तक दुकानात आले त्या रात्री आनंदाच्या भरात खानदानाच्या गटावर लिंक टाकली आणि लिहिले, ‘सर्वांनी पाच तारे द्या.’ तासाभरात चुलत बहिणीचा निरोप आला, “पुस्तक उघडलं नाही अजून, पण लिहिते, फार सुंदर आहे.” ते वाचून आम्ही एकमेकींकडे पाहिले. न वाचता ‘सुंदर आहे’ म्हणून सांगणे ही साक्षच आहे, आणि ती अनोळखी गिऱ्हाइकासमोर द्यायची. आपल्या दीनमध्ये खोट्या साक्षीची गणना मोठ्या गुनाहांत होते. ती आम्ही तारे मागून आपल्याच माणसांकडून देववत होतो. शिवाय घरच्यांनी आणि जवळच्या दोस्तांनी अभिप्राय लिहू नयेत, असा दुकानाचाही नियम आहे. आम्ही निरोप मागे घेतला आणि लिहिले, ‘वाचा आणि आम्हाला घरी येऊन सांगा.’ गटावर दोन दिवस शुकशुकाट होता.

आज पुस्तकावर चारच अभिप्राय आहेत. त्यातला एक तीन ताऱ्यांचा आहे. परभणीच्या कोणी वाचकाने शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी पैसे बँकेत येतात. आमची पहिली रक्कम तीन आकडी होती. यातून संसार चालेल अशा आशेने कोणी या वाटेला येऊ नये. पण आमच्या मुलांनी आजीची वही वाचली. थोरलीच्या वर्गातल्या एका मुलीने स्वतःच्या आजीला विचारून दोन पाने लिहून आणली. अम्मी आता वहीचा दुसरा भाग लिहिते आहे.

मामूंचे राहिले. त्यांनी पुस्तक घेतले नाही. पण त्यांच्या नातीच्या मोबाइलवर ते होते. रमजान ईद गेली, बकरीदही गेली. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. अम्मीशी नाही, थोरलीशी बोलले. सलाम झाला, तब्येत विचारून झाली. मग म्हणाले, “पोरीने वाचून दाखवलं. चूक आहे त्यात.”

आम्ही श्वास रोखून ऐकत होतो.

“पाच पैसे नव्हते. दहा होते. पैसे गोळा करायला मीच बसायचो आडावर.”

अम्मीला विचारले. ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “वो बैठता था, उसको मालूम.”

छापील पुस्तक असते, तर पाचशे प्रतींत पाच पैसे तसेच राहिले असते. आम्ही त्याच रात्री फाइल उघडली, दोन्ही ठिकाणी पाचाचे दहा केले, परभणीकरांनी दाखवलेल्या चुकाही सुधारल्या आणि पुस्तक पुन्हा चढवले. दोन दिवसांनी नवी आवृत्ती दुकानात दिसली, तेव्हा पहिला फोन मामूंना केला.