पडवीतला गॅस गीझर

४ डिसेंबर
दिवेआगरच्या एका घरगुती निवासाने सौरबंब घेतला आणि जुना गॅस गीझर विकायला काढला, तो आज आमच्या भिंतीवर चढला. न्हाणीत नाही, बाहेर मोकळ्या पडवीत. आईला पटेना. तिला म्हटलं, बंद न्हाणीत हवा कमी पडली की जळत्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. याबाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

नळ सोडला. ठिणगीची टिकटिक नाही, ज्योत नाही. शेजारचे काका म्हणाले, "थंडीने गॅस बसला असेल." आपल्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या आसपास उकळतो, प्रोपेन तर उणे ४२ अंशांना. आमच्या दिघीची थंडी तिथवर कधी जायची!

५ डिसेंबर
टिकटिकच नाही, तर गॅसकडे बघायचं कारण नाही. या यंत्रात आधी पाणी येतं. वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा फुगतो, दांडी ढकलतो, दांडीने छोटा स्विच दबतो आणि मग कुठे दोन जाड सेलचे ३ व्होल्ट ठिणगीच्या पेटीला पोचतात. पाणी आत येतं तिथली जाळी काढली, तर विहिरीच्या गाळाने बुजलेली. सेलच्या खाचेतल्या पट्ट्यांवर हिरवा थर. राजपुरी खाडीच्या वाऱ्यात तांबं-पितळ असंच होतं. काचकागदाने घासल्या. टिकटिक सुरू झाली.

८ डिसेंबर
आता पेटतो आणि पाचेक सेकंदांत विझतो. आगरदांड्याहून फेरीने आलेल्या मिस्त्रीने तोडगा काढला, "भाऊ, गॅसच्या झडपेला सेलची वायर थेट देतो, मग नाही विझणार." नको म्हणालो. ज्योतीत शिरलेली सळई ज्योत आहे का ते पेटीला कळवते. नसेल तर झडप मिटते. ती वाट तोडली आणि वाऱ्याने ज्योत विझली, तर नळ चालू असेतो गॅस येत राहणार. हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो, आणि हवेत दोन टक्के झाला तरी पेट घेतो. विझणारा गीझर इथे आपलं काम चोख करत होता. सळईवर काजळी होती. ती पुसली, वाकलेलं टोक ज्योतीत आणलं. ज्योत टिकली.

११ डिसेंबर
पण पिवळी, लांब जिभांची. काजळीचं मूळ हेच. सिलिंडर बंद करून बर्नर उतरवला. हवा शिरते त्या नळ्यांत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती. मऊ ब्रशने सगळी काढली. गॅस येतो त्या बारीक भोकात मात्र तार घातली नाही, भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो. गॅसची नवी नळी बसवून जोडांवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. ज्योत निळी, आखूड, सरळ.

१२ डिसेंबर
आईची अंघोळ झाली, पाणी मधेच गार झालं नाही. निसर्ग वादळाने जून २०२० मध्ये पाडलेल्या माडा-पोफळींचं सरपण केव्हाच संपलं, आणि बंबाच्या धुराने तिचे डोळे चुरचुरतात. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पाण्याची टाकी भरलेली नसेल तर टिकटिक अजून उशिरा लागते. टाकी मीटरभर वर गेली तर दाब ०.१ बारने वाढेल. उद्या तिच्याखाली चिरे रचायचे. रबरी पडदाही कडक झालाय. म्हसळ्यात मिळाला तर ठीक, नाहीतर माणगावला बघायचा.