तिठ्यावरचा मेफिस्टो

मी नववीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या रत्नागिरीच्या आळीतल्या हौशी मंडळींनी कुठूनशी १६ मिलिमीटरची रिळं मिळवली आणि अंगणात दोन माडांमध्ये पांढरी चादर ताणली. सिनेमा मुर्नाऊचा ‘फाउस्ट’. १९२६चा, जर्मन, त्यातून मूक. शेंगा भाजून तयार होत्या म्हणून निम्मी आळी आली, हे कबूल करायला हवं.

पाट्या मराठीत सांगायला इंग्रजीचे सर चादरीशेजारी उभे. हातात विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला गटेचा ‘फाउस्ट’. विंदा देवगड तालुक्यातले, म्हणजे १९८१ साली जिल्हा तुटेपर्यंत आमच्याच रत्नागिरीचे, हे ते दर रिळाला ठासून सांगत. सिनेमा पुस्तक सोडून भलतीकडे गेला की मात्र सरांची पानं उलटायची धांदल उडे. मुर्नाऊनं गटेबरोबर जुनी लोककथाही घेतली होती, हे मला फार पुढे कळलं.

एमिल यानिंग्जचा सैतान मेफिस्टो डोंगराएवढा होऊन गावावर काळा झगा पसरतो आणि खाली प्लेगची साथ सुटते. नेमका तेव्हाच खाडीकडून वारा आला. चादर फुगली, झगा खरोखरच हलला आणि पुढच्या सतरंजीवरची पोरं सरपटत आयांच्या मांडीपाशी आली. तसा मेफिस्टो पुन्हा बघायला मिळाला नाही, चांगल्या थिएटरातसुद्धा.

साथीपुढे विद्या हरते, म्हातारा पंडित चिडून पोथ्या आगीत टाकतो आणि रात्री तिठ्यावर जाऊन सैतानाला हाक मारतो. घाबरून पळू लागला, तर जिथे जाईल तिथे हा आधीच बसलेला. टोपी काढून अदबीनं नमस्कार! इथवर आजीला सगळं ओळखीचं होतं. तिठा, अपरात्र, देवचार. पण फाउस्टनं रक्तानं सही केली आणि ती भडकली.

“एवढा शिकलेला, आणि देवळात कौल लावायचं सुचलं नाही मेल्याला? कोंबडा बोलला असता तरी भागलं असतं!”

शेवटाआधीच ती पेंगली. सकाळी चहा गाळताना विचारलं, “सुटला काय रे तो?”

“सुटला. प्रेम या एका शब्दानं करार मोडला.”

“म्हणजे कोंबडासुद्धा वाचला,” आजी म्हणाली.