पाऊणपट आणि सव्वापट

मच्छीमार नगरातल्या आमच्या दारात उभं राहिलं की ओहोटीच्या चिखलात कलंडलेल्या होड्या दिसतात आणि मान वळवली की कफ परेडचे टॉवर. बापूस होड्यांचा हिशेब ठेवायचा, मी टॉवरांचा ठेवतो. कंपनीच्या साहेबांचं भाषण सगळ्या मजल्यांवर एकाच वेळी थेट दाखवायचं असलं की इंटरनेटची लाइन किती लागेल, ते काढायचं काम माझं.

बापसाचा हिशेब तोंडी. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हाच उधाण. माझंही सूत्र तेवढंच: माणसं गुणिले बिटरेट. पहिल्या मोठ्या प्रक्षेपणाला तीनशे माणसं होती, प्रत्येकी 2 एमबीपीएस, म्हणजे 600. रोजचा कारभार 300. लाइन 1 जीबीपीएसची. शंभर हाताशी ठेवून मी निर्धास्त चहा प्यायलो.

अकराला भाषण सुरू झालं आणि दोन मिनिटांत साहेब चौकोनी ठिपक्यांचे झाले. मग गोठले.

गणित चुकलं नव्हतं, माणसं मोजायची राहिली होती. दोनशे जण घरून बघत होते, आणि त्यांचा लॅपटॉप व्हीपीएनमधून आधी आमच्या ऑफिसात येऊन मगच बाहेर जात होता. त्यांचे 400 एमबीपीएस आमच्याच लाइनवरून आत आले आणि तसेच बाहेर निघाले. हजाराच्या लाइनीवर तेराशेची मागणी. खाडीचं तोंड तेवढंच, होड्या वाढल्या.

दिवसभराचा आलेख दाखवून 'लाइन तर निम्मी रिकामी असते' म्हणणारे भेटतात. त्यांना ओहोटीला किनारा दाखवून घर विकता येईल. थेट प्रक्षेपणात सगळे एकाच मिनिटाला येतात. 2020च्या एप्रिल-मेमध्ये सरकारने कंपन्यांच्या सभा व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली, तेव्हा मोठ्या कंपन्यांना निदान 1,000 सभासदांची सोय करायला सांगितलं आणि दार पंधरा मिनिटं आधी उघडायला लावलं. ती पंधरा मिनिटं कुणी कशासाठी घातली असतील ती असोत, माझ्यासारख्याला देवासारखी. लोक पांगून आत येतात. कंपनीच्या आतल्या सभेला मात्र दहा एकोणसाठपर्यंत कुणी फिरकत नाही.

नंतर दोन गोष्टी केल्या. व्हिडिओपुरती घरून बघणाऱ्यांची वाट व्हीपीएनच्या बाहेरून काढली. ते आपापल्या इंटरनेटवरून थेट बघू लागले. आणि ऑफिसात तीनशे प्रती मागवण्याऐवजी एकच प्रत आत घेऊन मल्टिकास्टने मजल्यांवर वाटली. तारेवर हे सुरेख चालतं. वायफायवर नाही: तिथे मल्टिकास्ट सहसा सगळ्यात संथ वेगाने जातं, हरवलेला तुकडा पुन्हा मिळत नाही. मग वायफायवाल्यांसाठी ऑफिसातच एक कॅशे सर्व्हर बसवला. चित्र काही सेकंद मागे राहतं. शेजारच्या टेबलावरची टाळी आधी ऐकू येते, एवढीच तक्रार.

तरी पुन्हा माणसं मोजायची राहू नयेत म्हणून पुढच्या सभेच्या आधी मी विचारलं, घरून किती जण बसणार? कुणालाच ठाऊक नव्हतं. मग व्हीपीएनच्या नोंदींतून सोमवारचा सगळ्यात मोठा आकडा काढला आणि त्याची सव्वापट केली. बापूस हसला. त्याची पाऊणपट पुरायची.