पाठवलेले वचन

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या मित्राची आई गेली. बातमी कळली तेव्हा मी परगावी होतो. संध्याकाळी फोन हाती घेतला आणि आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर त्याच दिवशी आलेले सांत्वनाचे एक वचन, मागच्या उगवत्या सूर्याच्या चित्रासह, त्याला पाठवून दिले. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले : ‘वाचले. पण यात तू कुठे आहेस?’

माझा जन्म नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. सुवार्ता सांगणे हे आमच्याकडे कर्तव्य मानले जाते. पाळकसाहेब दर दोन-चार रविवारी त्याची आठवण करून देतात. पूर्वी त्यासाठी बाजाराच्या गावी जावे लागे, पत्रके वाटावी लागत, प्रसंगी शिव्याही खाव्या लागत. आता अंगठ्याच्या एका हालचालीत शंभर ‘अविश्वासी’ लोकांपर्यंत वचन पोहोचते. हा ‘अविश्वासी’ शब्द आमच्या प्रवचनांतून इतका सहज येतो, की त्याचा अर्थ काय होतो याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मित्राची आई रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणत असे. आजारपणातही तिने तो चुकवला नाही. तिला कोणत्या तोंडाने अविश्वासी म्हणायचे? आणि तिच्या मुलाला मी पाठवले काय, तर कोणी तरी तयार केलेले, कोणालाही चालेल असे एक चित्र.

मित्राच्या त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो आणि पुन्हा एकदा आपल्या जुन्या ख्रिस्ती वाङ्मयाकडे वळलो. मराठीत आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगू पाहणाऱ्यांची परंपरा काही लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्यांचे आपण वारंवार कौतुक करतो. मला अधिक विलक्षण वाटते ते हे, की या माणसाने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याची हिंमत केली. श्रोत्याच्या कानात जो शब्द आधीच गोड होऊन बसला आहे, त्या शब्दाच्या दारातून त्याने आत पाऊल टाकले.

तरीही हे कौतुक मला पूर्ण मनाने करता येत नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. ओवी कितीही मधुर असो, ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली त्यांच्यामागे राज्यसत्तेचा धाक उभा होता. आज एखादे साधे वचनही आमंत्रण म्हणून, कधी आक्रमण म्हणून वाचले जाते, त्याला केवळ आजचे राजकारण कारणीभूत आहे असे आम्ही ख्रिस्ती लोक समजतो. या ओझ्यात आमच्या इतिहासाचाही वाटा आहे.

वादविवादाचा मार्गही आपल्याकडे चोखाळून झाला आहे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर सभा झडल्या. पुढे दोन्ही बाजूंनी त्यांचे वृत्तांत पुस्तकरूपाने निघाले. आजच्या समाजमाध्यमांवरील धार्मिक भांडणे वाचताना मला तो किनारा आठवतो. फरक एवढाच, की तिथे निदान माणसे समोरासमोर होती. असो.

मला या संदर्भात सर्वांत मोलाचे पुस्तक वाटते ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. आपण ते विनोदासाठी वाचतो, त्यातल्या निरागस भाषेसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु श्रद्धा सांगणाऱ्यांची पुस्तके पुष्कळ असतात. ज्याला ती सांगितली जाते, त्या माणसाने आपली बाजू इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवल्याचे उदाहरण विरळाच. रेव्हरंड टिळकांना आगगाडीत एक अनोळखी युरोपियन प्रवासी भेटला, तो सौजन्याने बोलला, आणि त्याने नवा करार त्यांच्या हाती ठेवला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसाने लक्ष्मीबाईंवर काय कोसळले, ते त्यांनीच लिहिले आहे. टिळकांची सुवार्ता ही पत्नीच्या दृष्टीने घर मोडल्याची बातमी होती. आम्ही वचने पाठवणारे लोक ही दुसरी बाजू फार क्वचित लक्षात घेतो.

त्यानंतरची वर्षे मी या वेळी सावकाश वाचली. दोघे पुन्हा एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते, चूल वेगळी होती. टिळक कवी होते, वक्ते होते, शिवाय स्वभावाने उतावळे. असा माणूस या एका बाबतीत मात्र थांबला. बायकोचे सोवळे त्याने सांभाळू दिले. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला, की माणसांत ही जात कोणी पाडली, आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. युक्तिवादाने जे झाले नसते ते या थांबण्याने झाले, असे मला वाटते. फोनवर नेमके हेच जमत नाही. पाठवले की दोन निळ्या खुणा दिसतात, आणि समोरच्याने वाचूनही उत्तर का दिले नाही याचीच आपल्याला घाई होते.

भाषेचा एक मुद्दा राहिला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. फारसे न शिकलेल्या बाईलाही समजावी अशी मराठी त्यांना हवी होती. आमच्या समूहांवर फिरणारी मराठी पाहिली की रमाबाईंचे कष्ट वाया गेले की काय असे वाटते. ‘तारणप्राप्ती’, ‘अभिषिक्त’, ‘पवित्रीकरण’! हे शब्द आम्हांला लहानपणापासून पाठ आहेत. बाहेरच्या माणसाला ते न्यायालयातल्या कागदासारखे लागत असतील.

मित्राला शेवटी मी पत्रच लिहिले, कागदावर. त्यात वचन नव्हते. त्याच्या आईविषयी लिहिले. नाताळात आमच्या घरून करंज्या-चकल्यांचे ताट जाई, ते ती देवघरापाशी टेकवून मगच आत नेई. कॉलेजात असताना एकदा ते ताट घेऊन मीच गेलो होतो, तेव्हा तिने मला विचारले होते, ‘तुमच्यात म्हणे देवाशी बोलायचं असतं. तो काही बोलतो का रे तुझ्याशी?’ हेही मी लिहिले. मरणानंतर सगळे संपते असे मला वाटत नाही आणि ते का वाटत नाही, एवढे चार ओळींत सांगून पत्र संपवले.

आठवड्याने त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग तो म्हणाला, “आईने तुला ते विचारलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तू काय सांगितलंस तिला?”

मला खरे ते सांगावे लागले. त्या दिवशी मला सिनेमाला जायचे होते. मी हसलो होतो आणि रिकामे ताट मागून घेतले होते.