यादींत नसलेला शब्द

प्रश्न विचारणें आणि आलेलें उत्तर तपासणें हीं दोन कामें एकच मनुष्य करीत असला, तरी तीं एका जातीचीं नव्हेत. प्रश्न काढतांना मनांत एकच उत्तर असतें. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यांत येऊन पडला म्हणजे त्याच उत्तराचीं पन्नास रूपें दिसूं लागतात. कांहीं नीटनेटकीं, कांहीं तिरपीं, आणि कांहीं अशीं कीं, त्यांना बरोबर म्हणावें तर हात कचरतो व चूक म्हणावें तर मन खातें. महाविद्यालयांत इतकीं वर्षें घालवल्यानंतर हा अनुभव मला नवा नाहीं. परंतु हें दुसरें काम यंत्रावर सोंपवलें म्हणजे काय होतें, याचा विचार मीं कधीं केला नव्हता. तो करावयास लावला माझ्या पुतणीनें लिहावयास घेतलेल्या एका संगणकी खेळानें.

शब्दांनीं खेळावयाचे हे खेळ तसे जुने आहेत. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत मॅमथ केव्ह नांवाचें एक प्रचंड गुहाजाल आहे. त्या गुहांचा शोध घेणाऱ्या मंडळींत विल क्राउथर हा संगणकतज्ज्ञ होता. त्यानें १९७५-७६ च्या सुमारास त्या गुहेवरून एक खेळ रचला. आपल्या लहान मुलींना तो खेळतां यावा, हाही त्यांतील एक हेतु होता. पुढें १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यानें त्यांत पुष्कळ भर घातली. या खेळांत चित्र नाहीं, आवाज नाहीं. आपण कोठें उभे आहोंत तें यंत्र चार वाक्यांत सांगतें आणि थांबतें. ‘दिवा घे’, ‘उत्तरेस जा’ अशी एका-दोन शब्दांची आज्ञा खेळणाऱ्यानें लिहावी, कीं कथा पुढें सरकते.

खेळणाऱ्यास वाटावें, यंत्राला भाषा कळते. वास्तविक तें फक्त ताडून पाहतें. लिहिलेला शब्द आपल्या यादींत आहे काय, एवढाच त्याचा पहिला प्रश्न; आणि शब्दही तें पुरता पाहत नाहीं. त्या खेळांत शब्दाचीं पहिलीं पांच अक्षरेंच तपासलीं जात, कारण ज्या यंत्रावर तो जन्मला त्याच्या स्मृतींतील एका कप्प्यांत पांचच अक्षरें मावत. त्यामुळें ‘नॉर्थ’ आणि ‘नॉर्थईस्ट’, म्हणजे उत्तर आणि ईशान्य, या दोन दिशा त्याला एकच वाटत. ईशान्येस जावयाचें असेल तर तिचें संक्षिप्त रूप लिहा, अशी सूचना खेळणाऱ्याला द्यावी लागे. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेंत चौघांनीं मिळून ‘झॉर्क’ नांवाचा खेळ लिहिला. त्यांत ‘तलवारीनें राक्षसाला मार’ अशीं पुरीं वाक्यें चालूं लागलीं. परंतु पुढें घरगुती यंत्रांवर आलेल्या त्याच्या पहिल्या भागालाही सहाशेंहून कांहीं अधिक शब्दच कळत.

शब्द ओळखल्यावर दुसरी अट येते : प्रसंग अनुकूल आहे काय? ‘दार उघड’ हे दोन्ही शब्द यादींत असले, तरी या खोलींत दार आहे काय, त्याला कुलूप आहे काय, किल्ली खेळणाऱ्याजवळ आहे काय, हें सर्व क्रमानें पाहावें लागतें. क्रम चुकला तर किल्ली नसतांनाही दार उघडेल, किंवा दार नसलेल्या खोलींत यंत्र किल्ली मागत बसेल. या दोन अटींचे नकार निराळे ठेवणें, यांतच अशा खेळाची सभ्यता आहे. ‘मला हा शब्द कळत नाहीं’ हा एक नकार. ‘कळलें, पण येथें तें होण्यासारखें नाहीं’ हा दुसरा. पहिल्यांत अपुरेपणा यंत्राचा असतो, दुसऱ्यांत अडचण प्रसंगाची. ज्या खेळांत दोहोंना एकच उत्तर मिळतें, तेथें योग्य युक्ति सुचूनही खेळणारा योग्य क्रियापद शोधीत रात्र घालवतो.

क्राउथर-वुड्स यांच्या त्या गुहेंत वाट अडवून बसलेला एक ड्रॅगन आहे. त्याला मार म्हटलें कीं यंत्र विचारतें, कशानें, नुसत्या हातांनीं काय? बहुतेक खेळणारे हा टोमणा समजतात आणि शस्त्र शोधीत फिरतात. वस्तुतः तो साधा प्रश्न असतो. ‘होय’ असें लिहिलें कीं ड्रॅगन मरतो. त्या ठिकाणीं ‘होय’ या शब्दासाठीं अट लिहून ठेवलेली आहे. हा विनोद मला फार मार्मिक वाटतो. यंत्राच्या बोलण्यांत मनुष्य नको इतका अर्थ वाचतो, आणि मनुष्याच्या बोलण्यांत यंत्र हवा तेवढाही वाचीत नाहीं.

माझ्या पुतणीचा खेळ याहून पुष्कळ साधा. एका जुन्या वाड्याच्या दारोदारीं मराठी कोडें विचारलें जातें. उत्तर अक्षरांनीं लिहावें. तें बरोबर असेल तर दार उघडतें. पहिलें कोडें दोन दगडांचें होतें. खालचा जागचा हालत नाहीं, वरचा गरगर फिरतो, तोंडांत दाणे घातले कीं कडेनें पांढरें सांडतें. माझी आई त्या वेळीं शेजारीं बसली होती. तिचें वय ८४. गांवांत पिठाची गिरणी येईपर्यंतच्या साऱ्या पहांटा तिच्या दळण्यांत गेलेल्या. नातीनें हातांतलें यंत्र तिच्यापुढें धरलें. एकेक अक्षर शोधीत तिनें लिहिलें : जातें. यंत्र म्हणालें : चूक.

“अग, मग आतां काय म्हणतात त्याला?” आईनें विचारलें.

तिच्या स्वरांत राग नव्हता. गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ गोष्टींचीं नांवें बदललीं, तसें याचेंही बदललें असेल, असें तिनें मानून घेतलें होतें. तें मला फार लागलें.

पुतणीनें यादींत ‘जाते’ असें लिहून ठेवलें होतें, आणि तीही चुकली नव्हती. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानें स्वीकारले आणि उच्चारांत नसलेले अनुस्वार लेखनांतून गेले. आईची शाळा त्यापूर्वींच सुटलेली. तिच्या अनुस्वाराला परंपरेचा आधार, पुतणीच्या एकाराला नियमाचा. खासगी लेखनांत आईचीच रीत मी अजून चालवतों, हें वाचकांस दिसतच आहे. पुतणीच्या वर्गांतला एखादा मुलगा तर बोलतो तसें ‘जातं’ लिहील. एकाच वस्तूचीं हीं तीन नांवें, तिन्ही अस्सल मराठी. यंत्राच्या लेखीं मात्र ते तीन परके शब्द, कारण तें शब्द वाचीत नाहीं, संकेतांक जुळवतें. ‘जाते’ या शब्दाचे संकेतांक चार, ‘जातें’चे पांच, तुलना तेथेंच संपते. याहून नवल म्हणजे, डोळ्यांना एकच दिसणारे शब्दही यंत्राला निराळे वाटूं शकतात. ‘दऱ्या’ या शब्दांतला आडवा अर्धा र युनिकोड या जागतिक लिपिसंकेतांत दोन रीतींनीं लिहितां येतो. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतांक मिळाला २००८ सालीं. त्यापूर्वीं तें ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि अजूनही कित्येक लिहितात. शब्दामागें चुकून पडलेली मोकळी जागासुद्धां यंत्राच्या हिशेबीं एक अक्षरच असतें.

पुतणीला प्रथम सुचलेला उपाय उदार होता : एका अक्षराचा फरक माफ करावा. दोन शब्दांतील असें अंतर मोजण्याची रीत रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यानें १९६५ सालीं मांडली, आणि ती आजही वापरांत आहे. परंतु क्षणभर थांबून तीच म्हणाली, “पण काका, मग ‘जाळे’सुद्धां चालेल!” खरेंच होतें. ‘जाते’ आणि ‘जाळे’ यांत एका अक्षराचाच फरक, आणि कोळ्याच्या जाळ्यांतून पीठ पडत नाहीं. सरसकट दया दाखवली कीं जाणत्याला आणि अजाणत्याला सारखेच गुण मिळतात, हें कोणाही परीक्षकाला सांगावयास नको.

शेवटीं तिनें कष्टाचा मार्ग धरला. उत्तर आलें कीं प्रथम मागचीपुढची मोकळी जागा काढावी. मग एकच दिसणारे संकेतांक एका रूपांत आणावे. शब्दाअखेरच्या एकाराचा प्रश्न मात्र एका नियमानें सुटेना. ‘जाते’चें ‘जातं’ होतें, पण ‘डोळे’चें ‘डोळं’ होत नाहीं. म्हणून प्रत्येक कोड्यापुढें मान्य रूपांची यादी हातानें लिहावी, असें ठरलें. उरलेल्या उत्तरांना ‘चूक’ न म्हणतां ‘हा शब्द माझ्या यादींत नाहीं’ असें म्हणावें, ही सूचना माझी. ती तिला पटली नाहीं. “काका, अशानें यंत्रालाच कांहीं येत नाहीं असं वाटेल,” ती म्हणाली, “आणि जाळे लिहिणाऱ्याला चूक म्हणायचं नाहीं, तर कुणाला म्हणायचं?” या मुद्यावर आमचा दोन दिवस वाद चालला, आणि त्यांतून जी व्यवस्था निघाली ती दोघांच्याही मूळ कल्पनेहून बरी आहे. आतां उत्तरांचे तीन कप्पे आहेत : मान्य रूपें, आधींच हेरून ठेवलेले चुकीचे तर्क, आणि बाकीचें सारें. ‘चूक’ हा शब्द फक्त मधल्या कप्प्याच्या वांट्याला येतो. बाकीच्यांना यंत्र आपलें अज्ञान सांगतें आणि तो शब्द टिपून ठेवतें, म्हणजे यादी लिहिणाऱ्याला मागाहून तो पाहतां यावा.

हें सारें एका खेळापुरतें असतें, तर मीं त्याचा इतका विस्तार केला नसता. परंतु अटी लिहून मनुष्याचें उत्तर ताडण्याचें काम आतां खेळांतल्या दारांवरून खऱ्या दारांवर आलें आहे. परीक्षेंतल्या रिकाम्या जागा यंत्र तपासतें. अर्जांतलें नांव दुसऱ्या कागदावरील नांवाशीं यंत्र जुळवतें. देशपांडे हें नांव रोमन लिपींत एका कागदावर एका रीतीनें आणि दुसऱ्यावर दुसऱ्या रीतीनें लिहिलें गेलें, कीं मनुष्य तोच असूनही जुळत नाहीं. खिडकीमागचा कारकून एके काळीं चष्म्यावरून पाहून ‘तुम्हीच ना हे?’ असें विचारी आणि शिक्का मारी. त्याची आठवण काढून मी उसासे टाकणार नाहीं. ओळखीच्या माणसाचें काम तो आधीं करी, आणि अनोळखी माणसाला उद्यां या म्हणे. यंत्र असा भेद करीत नाहीं, ही त्याची थोरवी खरी आहे. तें सर्वांना सारखेंच वागवतें. मात्र ज्या यादीशीं तें ताडून पाहतें, ती कोणीतरी एका वयाच्या, एका शाळेंत शिकलेल्या मनुष्यानें बसून लिहिलेली असते, आणि त्याच्या शाळेबाहेरचे शब्द तींत सहसा नसतात.

म्हणून ‘चूक’ हा शब्द लिहितांना यादी करणाऱ्यानें हात आंखडता घ्यावा, एवढेंच माझें मागणें आहे. तरुण मनुष्य असल्या नकाराला दुसरें रूप लिहून पाहतो, तिसरें लिहून पाहतो, आणि अखेर यंत्राला शिव्या देतो. वृद्ध माणसें तसें करीत नाहींत. आपणच विसरलों असूं, असें त्यांना वाटतें, आणि तीं यंत्र हलकेंच खालीं ठेवून देतात. त्यांचें हें खालीं ठेवणें कोणत्याही यंत्राच्या नोंदींत येत नाहीं.